तुमची दिंडी कितवी, माउली?

वारीत चुकलेल्या माणसाला नाव-गाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "रथापुढं का रथामागं? दिंडी कितवी?" ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या, म्हणजे एकत्र चालणारे वारकऱ्यांचे जथे, आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. आपला आकडा ठाऊक असला की कुणीही वारकरी हात करून दाखवतो, "पुढं जावा, चौथी पताका." ठाऊक नसला तर फोनचा काही उपयोग नाही, एवढ्या गर्दीत तो लागतच नाही. म्हणून पहिल्यांदा निघणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते: दिंडीचा क्रमांक, विणेकऱ्यांचं (दिंडीत वीणा गळ्यात घेऊन चालणाऱ्यांचं) नाव आणि सामानाच्या ट्रकचा नंबर कागदावर लिहा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि अंगावर ठेवा. पिशवीत नको, कारण पिशवी ट्रकमध्ये जाते.

ट्रकमध्ये वळकटी, कपडे, ताट-वाटी. वळकटीवर तैलरंगानं नाव आणि दिंडीचा आकडा. पेनानं लिहिलेलं पहिल्या पावसात धुऊन जातं. खांद्यावर दोन-अडीच किलोपेक्षा जास्त नको: पाण्याची बाटली, अंगावर घ्यायचा प्लास्टिकचा कागद, विजेरी, औषधं, मूठभर शेंगदाणे-गूळ. कोरे बूट घालून निघायचं नाही. दुपारनंतर पाय सुजतो, तेव्हा पायताण अर्धा नंबर मोठं आणि महिनाभर वापरलेलं हवं. भिजलेले मोजे तसेच ठेवले की तळवा मऊ पडतो आणि फोड येतो. प्रत्येक विसाव्याला मोजे काढून पाय वाळवायचे आणि खोबरेल लावायचं. फोडातून सुईदोरा ओवायची जुनी पद्धत आहे, पण चिखलात तीच जखम चिघळते. आणि रस्त्याच्या कडेनं चालू नका. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. दिवसभर एक पाय खाली, एक वर पडला की तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो.

सगळ्यात अवघड टप्पा पुणे ते सासवड. तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात दिवेघाट, आणि तिथी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीची. म्हणजे सर्वांत लांबचा दिवस उपाशीपोटी. रथाला घाटात जादा बैलजोड्या लावतात. माणसांना जादा काही नसतं. चक्कर येते ती पुष्कळदा नुसत्या भुकेनं नाही, मीठ कमी पडल्यानंही येते: घामावाटे मीठ गेलेलं असतं आणि वर नुसतं पाणी प्यायलेलं असतं. सैंधव घातलेलं लिंबू-सरबत दर तासाला घोट-घोट घ्यावं, केळं जवळ ठेवावं. साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन घाट चढायला जाऊ नये. माझ्या वयाची मुलं एकादशी धरावी की नाही यावर वाद घालतात. घाटाच्या पायथ्याशी तो वाद वेगळा दिसतो, कारण शेजारची सत्तरीची आजी उपाशी चालते आहे आणि तुमच्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवते आहे.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. आमच्याकडे "घरात वारी आहे" असं म्हणतात. जमीन असावी तशी वारी घरात असते, आणि ती कुणीतरी चालवायची असते. गळ्यात १०८ मण्यांची तुळशीची माळ घातली की मांस-मद्य सुटतं, एकादशी लागते, वर्षाची वारी लागते. हे वाट्याला आलेलं मला पाळायचं आहे का? देव आहे की नाही या प्रश्नापासून सुरुवात केली तेव्हा मला काहीच उमगलं नाही. दिंडीची रचना पाहायला लागले तेव्हा उमगायला लागलं. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मध्ये मृदंग आणि वीणा, मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचे हंडे घेतलेल्या बाया. सनातन वाटतं. पण १६८५ च्या सुमारास तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सुरू केली, तेव्हा तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका एकाच पालखीत जात. माउलींचा स्वतंत्र सोहळा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी उभा केला. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. चोपदार (हातात दंड घेऊन शिस्त राखणारे), घोडे, तळ (मुक्कामाची जागा), क्रम ही लष्करी शिस्त त्यांनी वारीत आणली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आजही पायी आळंदीला येतात. म्हणजे ज्याला आपण "पूर्वापार" म्हणतो, ते कुणीतरी विचार करून बसवलेलं आहे. हे कळल्यावर मला वारी लहान वाटली नाही, उलट जवळची वाटली. जे माणसांनी बसवलं, त्याची डागडुजीही माणसंच करतात.

या शिस्तीचं सगळ्यात देखणं रूप म्हणजे तळावरची समाजआरती. पालखी तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. जमीन पायाखाली थरथरते. मग चोपदार दंड उंच करतो आणि लांब "हो..." अशी हाळी देतो. टाळ थांबतात. एवढ्या माणसांत मूल रडलं तरी ऐकू येतं. अशात कुठेतरी एकाच दिंडीचे टाळ चालू राहिले, तर समजायचं की त्या दिंडीची तक्रार आहे: कुणी क्रम मोडून मध्ये घुसलं, कुणाच्या पाण्याचा टँकर आला नाही. चोपदार तिथं चालत जातो, ऐकून घेतो, समजूत पटली की ते टाळही थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि त्यानंतर आरती होते. तक्रार ऐकल्याशिवाय आरती नाही. संस्कार म्हणून मला शाळेत जे काही शिकवलं गेलं, त्यात इतकं स्पष्ट काही नव्हतं.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात. विठ्ठलाचे वारकरी खंडोबाच्या हळदीनं डोक्यापासून पायापर्यंत पिवळे होतात, बुक्क्याच्या काळ्या टिळ्यावर हळद बसते आणि दोन्ही दोन-दोन दिवस निघत नाहीत. नीरेला पादुकांचं स्नान, तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या सरळ ओळींमधून अश्वांची दौड. रिंगणात एका अश्वावर स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणी नसतं, तो माउलींचा. रिंगण संपताच त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. पडझड होते ती तिथंच. लहान मूल बरोबर असेल तर पाच मिनिटं थांबावं; माती पुरून उरते.

पण ओळ सगळ्यांना सारखी लागलेली नाही. वारीत आडनाव विचारतच नाहीत, असं म्हणणं खोटं ठरेल, माउली म्हणून पाया पडणाराच जेवणाच्या पंगतीत "तुम्ही कोणाचे?" असं हळूच विचारतो. वीणा बहुतेक दिंड्यांत पुरुषाच्याच गळ्यात असते. बाया आता कीर्तनाला उभ्या राहतात, तर विणेपाशी का थांबायचं? टाळाची दोरी बोटांना घट्ट आवळली की पहिल्याच दिवशी तर्जनीची साल निघते, सैल धरली की टाळ घुमतो. हे बाईच्या हाताला शिकता आलं, तर वीणाही येईल. मला हे दिंडी सोडून नाही, दिंडीत राहून मागायचं आहे, टाळ चालू ठेवून.

पंढरपुरात ऐन एकादशीला दर्शनाची रांग दिवस-रात्र चालते. कितीतरी जुने वारकरी तिच्यात उभेच राहत नाहीत. चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा आणि कळसाला हात जोडून वारी पोचली असं मानतात. मी महाद्वारापाशी जाते. तिथं नामदेव पायरी आणि समोर चोखोबांची समाधी. ज्यांना हयातीत आत येऊ दिलं नाही, ते दाराबाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा हे दार दलितांना उघडलं. माळेबरोबर मला हे दोन्ही मिळालं आहे, बंद दारही आणि उघडलेलं दारही. पायरी ओलांडून आत जाणाऱ्यांचे पाय आणि समाधीवर वाहिलेली तुळस एकाच नजरेत दिसते. तिथं बसून पायाची पट्टी बदलायला बरं पडतं, गर्दी थोडी वळसा घालून जाते.

पौर्णिमेला गोपाळकाला झाला की लाखो माणसं एसटीनं घरी जातात. पालखी मात्र पायीच आळंदीला परतते, बरोबर मूठभर लोक. परतवारीत तंबू कमी, वाटेत पंगतीही कमी, आणि पाऊस जास्त. जाणार असाल तर वळकटी ट्रकमध्ये टाकण्याआधी तिच्याभोवती प्लास्टिकचे दोन थर बांधा.