जड लेन्स कशावर टेकवावी? नागपूरहून कऱ्हांडला, सिल्लारी आणि तलावाकाठचा वृत्तांत

फेब्रुवारी सरता सरता आम्ही तिघे नागपूरहून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आणि तेथून परतल्यावर पेंचच्या सिल्लारी प्रवेशद्वारी गेलो. शेवटची सकाळ शहरालगतच्या गोरेवाडा तलावाकाठी घालवली. वाघ दिसावा ही इच्छा सर्वांचीच असते, तशी आमचीही होती. मात्र या दौऱ्यात माझे लक्ष मुख्यतः एका गोष्टीकडे होते, ती म्हणजे दोन ते चार किलो वजनाची लेन्स जंगलात नेमकी कशावर टेकवावी. माझ्याकडे निकॉनची २००-५०० मिमी लेन्स होती, जिचे वजन साधारण २.३ किलो आहे. सोबतच्या डॉक्टर स्नेह्यांकडे कॅननची ६०० मिमी एफ/४ लेन्स होती. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे वजन ३.९ किलोच्या आसपास भरते. भाच्याने सिग्माची १५०-६०० मिमी कंटेम्पररी भाड्याने घेतली होती, ती दोन किलोंच्या किंचित आत. यांत कॅमेऱ्याचे वजन धरलेले नाही.

आधाराचा एवढा विचार का करायचा, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. फुलफ्रेम, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५०० मिमीची लेन्स लावून पन्नास मीटरवरच्या प्राण्याकडे पाहिले, तर चौकटीत जेमतेम ३.६ मीटर रुंदी मावते. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ती रुंदी सहा हजार पिक्सेलमध्ये विभागली जाते, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला ०.६ मिमी येतात. शटर उघडे असताना लेन्सचे पुढचे टोक केसाच्या जाडीच्या दशांशाइतके जरी खालीवर झाले, तरी वाघाच्या पट्ट्यांची कड एक-दोन पिक्सेल सरकलेली असते. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा यातले बरेच सावरते, पण थकलेल्या हाताचे झोके ती पूर्णपणे सावरू शकत नाही. आणि सफारीची एक फेरी काही तासांची असते.

उमरेड मार्गाने कऱ्हांडला प्रवेशद्वार नागपूरहून सुमारे दीड तासाच्या अंतरावर आहे. सकाळच्या फेरीसाठी निघायचे तर सामानाची बांधाबांध रात्रीच झालेली हवी, कारण अंधारात लेन्स तिवईला जोडायच्या प्लेटचे स्क्रू शोधत बसण्यात अर्थ नसतो. आमचा मुख्य आधार होता बीनबॅग, म्हणजे धान्य भरलेली जाड कापडाची थैली. बाजारात तयार बीनबॅग मिळतात. पण सफारीच्या उघड्या जिप्सीचा बाजूचा दांडा गोल आणि अरुंद असल्याने सपाट उशीसारखी बॅग त्यावरून घसरते. त्यामुळे पडशीसारखी दोन्ही बाजूंनी लोंबणारी, मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना भरलेली थैली मी शिंप्याकडून जाड कॅनव्हासची शिवून घेतली होती. आतील अस्तराची पिशवी वेगळी ठेवावी आणि दोन्हींना चेन लावावी, म्हणजे एखादी शिवण उसवली तरी धान्य जंगलात सांडत नाही. ही बाब गौण समजू नये, कारण रस्त्यावर सांडलेल्या दाण्यांमागे वानरे आणि चितळ गाड्यांच्या वाटेवर येतात.

थैलीत काय भरावे, यावर छायाचित्रकारांत बराच वाद चालतो. थर्माकोलचे दाणे वजनाला हलके असतात; पण लेन्सच्या भाराखाली ते दबतात, पुन्हा उसळी घेतात आणि चौकट हळूहळू सरकत राहते, म्हणून दोन किलोंवरील लेन्ससाठी मी ते बाद ठरवले आहेत. मोहरी उत्तम बसते. मात्र ती इतकी सरकती असते की शिवणीत तिळाएवढे भोक असले तरी गळते, आणि तिला पैसेही जास्त पडतात. ज्वारी, गहू आणि तांदूळ या तिन्हींनी काम चोख होते. तांदळाची कणी स्वस्त असली तरी ती घेऊ नये, कारण तिचे पीठ कापडातून झिरपून लेन्सच्या कड्यांत शिरते. विमानाने नागपूरला येणाऱ्यांनी थैली रिकामीच आणावी आणि धान्य नागपूरच्या इतवारी बाजारात किंवा उमरेडच्या कोणत्याही किराणा दुकानात घ्यावे. तीन किलोंत मध्यम आकाराची थैली भरते. मी तांदूळ भरला होता. जिप्सीच्या चालकाने थैली बोटांनी चाचपून विचारले, "भाऊ, एचएमटी आहे का जय श्रीराम?" ही दोन्ही तांदळाच्या वाणांची नावे. एचएमटी आहे म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "हलका भरायचा ना भाऊ, लेन्सले काय चव समजते!" नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेले एचएमटी हे वाण येथून फार दूरचे नाही, तेव्हा चालकाच्या बोलण्यामागे तांदळाची खरी पारख होती.

थैली पूर्ण ठासून भरू नये. ती तीन-चतुर्थांश भरली की लेन्स तिच्यात स्वतःची जागा करून बसते. गच्च भरली तर लेन्स तिच्यावरून गडगडते आणि निम्मीच भरली तर खालचा दांडा थेट लेन्सला लागतो. लेन्सचा पाय, म्हणजे तिवईला जोडायचा भाग, कॉलर (नळीभोवतीचे, पाय बसवलेले कडे) सैल करून वरच्या बाजूला फिरवावा आणि नळी थैलीवर आडवी ठेवावी. त्या फिरवलेल्या पायाचा उपयोग मग पकडायच्या मुठीसारखा होतो. थैली झूम किंवा फोकसच्या कड्याखाली येणार नाही याकडे मात्र लक्ष असावे.

पहिल्या फेरीतच यातला एक फरक ठळकपणे जाणवला. भाच्याची लेन्स झूम करताना पुढे लांबते, माझीही लांबते. त्यामुळे १५० मिमीला जो समतोल असतो तो ६०० मिमीला राहत नाही आणि पुढचे टोक खाली झुकू लागते. अशा लेन्ससाठी थैली मुळातच थोडी पुढे सरकवून ठेवावी आणि समतोल सर्वांत लांब टोकाला साधावा, कारण प्रत्यक्षात बहुतेक चित्रे त्याच टोकाला घेतली जातात. सोनीची २००-६०० किंवा निकॉनची झेड माउंटची १८०-६०० या लेन्सची लांबी झूम करताना बदलत नाही, त्यामुळे थैलीवर त्या अधिक सोयीच्या पडतात. नवी लेन्स घ्यायचा विचार असणाऱ्यांनी वजनाच्या आकड्याइतकेच हेही पाहावे, असे माझे मत आहे.

नाल्याच्या कडेला जांभळीच्या सावलीत एक वाघीण बसलेली दिसली, तेव्हा आधारांची खरी परीक्षा झाली. उजेड अगदी कमी होता आणि शटरचा वेग १/१६० सेकंदाच्या वर नेणे शक्य नव्हते. चालकाने इंजिन आपणहून बंद केले. न केल्यास ते नम्रपणे सांगावे, कारण चालू इंजिनाची थरथर दांड्यातून थैलीपर्यंत येते. डॉक्टरांनी मोनोपॉड, म्हणजे एकाच पायाचा आधार, जिप्सीच्या तळावर, गुडघ्यांच्या मध्ये उभा केला होता. पुढच्या आसनावरील मार्गदर्शकाने बसल्या जागी पाय बदलला, तेव्हा ती गाडी स्प्रिंगांवर किंचित डुलली आणि ६०० मिमीच्या चौकटीतून वाघिणीचे डोके चक्क बाहेर गेले. माझ्या थैलीवरही तो झोका आला, कारण गाडी एकच होती; मात्र थैलीवर लेन्स वरून हाताने दाबून धरता येते, त्यामुळे झोका चटकन विरला. "मामा, जरा श्वास घेऊ का?" असे भाच्याने कुजबुजत विचारले तेव्हा तिघांनाही हसू आवरावे लागले, पण विनोद सोडला तरी एकाने "आता" म्हणावे आणि सर्वांनी चार सेकंद स्थिर राहावे, ही पद्धत आम्ही पुढे सिल्लारीलाही पाळली आणि तिचा लाभ झाला.

दाबून धरण्याची रीत थोडी विस्ताराने सांगतो. डावा हात लेन्सखाली न ठेवता नळीच्या वर, थैली जेथे टेकली आहे त्याच्या बरोबर वरच्या जागी सैल पसरून ठेवावा. भुवई व्ह्यूफाइंडरच्या रबरी कडेला घट्ट टेकवावी. आणि शटरचे बटण टोचल्यासारखे न दाबता बोट त्यावरून गुंडाळल्यासारखे फिरवावे. तीन-चार चित्रांची सलग फैर सोडावी, कारण पहिल्या चित्रात बोटाच्या दाबाचा हिसका असतो आणि दुसरे-तिसरे बहुधा अधिक स्वच्छ येते. थैलीवर कंपनरोधक यंत्रणा चालूच ठेवावी. भक्कम तिवईवर आणि मंद शटरवर जुन्या लेन्समध्ये ती बंद करणे श्रेयस्कर, कारण नसलेले कंपन शोधताना ती स्वतःच प्रतिमा हलवते.

तिवई जिप्सीत नेऊ नये. तिचे तीन पाय एका संपूर्ण आसनाची जागा अडवतात, सहप्रवाशांना अडचण होते, आणि गाडीच्या तळावर उभी तिवई म्हणजे जमिनीचा आधार नव्हेच. मोनोपॉडही मी फक्त अशांना सुचवीन ज्यांना दांड्याजवळची जागा मिळालेली नाही. त्यांनीही तो तळावर न टेकवता आसनाच्या गादीच्या कडेवर टेकवावा, म्हणजे थोडी थरथर गादीतच जिरते. एका जिप्सीत सहा पर्यटकांपर्यंत बसवतात, त्यामुळे मधल्या जागेवर बसण्याची वेळ कोणावर तरी येणारच. शक्य असल्यास तिघा-चौघांनी मिळून पूर्ण गाडी घ्यावी. खर्च वाढतो, पण दोन्ही बाजूंचे दांडे आपल्या हाती राहतात. महागडी तिवई घेण्यापेक्षा तो पैसा मला अधिक सत्कारणी लागलेला वाटतो.

सिल्लारीला जाण्यासाठी जबलपूर महामार्गाने मनसर ओलांडून पवनी गावापासून (अभयारण्याच्या नावातील पवनी ही नव्हे) डावीकडे वळायचे. नागपूरहून अंतर साधारण सत्तर किलोमीटर आहे. तेथे वाघाने दर्शन दिले नाही. सागाच्या विरळ रानात गवे, रानकुत्र्यांची एक टोळी आणि नीलपंख एवढ्यावर समाधान मानावे लागले. धूळ मात्र भरपूर मिळाली. सांबराचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्याचा इशारा, आला आणि चालकाने गाडी हाणली की थैलीवर लेन्स तशीच सोडून देणे हा सर्वांत मोठा धोका असतो. म्हणून गाडी हलताच लेन्स मांडीवर घ्यावी, आणि गळ्यातला पट्टा कॅमेऱ्याच्या कड्यांना न अडकवता लेन्सच्या कॉलरवरील कड्यांना अडकवावा. चार किलोंची लेन्स नुसत्या कॅमेऱ्याला लोंबत राहिली तर सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या जोडावर येतो. डॉक्टरांनी लेन्सवर पांढरा सुती दुपट्टा गुंडाळला होता, त्याने धूळही अडली आणि दुपारच्या उन्हात नळी तापलीही नाही. मे महिन्यात येणाऱ्यांनी तर दुपट्टा डोक्याला एक आणि लेन्सला एक असा हिशेबानेच आणावा. दिवस चढल्यावर तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींनी दूरचे चित्र विरघळल्यासारखे दिसू लागते, आणि त्यावर कोणत्याच आधाराचा इलाज चालत नाही; तेव्हा जवळच्या पक्ष्यांकडे वळावे.

गोरेवाडा तलावाकाठी पायी फिरता येते, तेथे तिवईला खरा अर्थ प्राप्त होतो. अडई या बदकांचा थवा पाण्यावर होता आणि एक कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत थांबत होता. अशा पक्ष्यासाठी साधे बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारा तिवईचा माथा, कुचकामी, किंबहुना धोक्याचे असते, कारण पकड सैल करताच जड लेन्स एका बाजूला कोलमडते आणि मध्ये बोट सापडते, प्रसंगी तिवईही आडवी होते. येथे गिम्बल हेड हवे. त्यात लेन्स अशी टांगली जाते की तिचा गुरुत्वमध्य दोन्ही अक्षांवर येतो, आणि मग चार किलोंची लेन्सही एका बोटाने फिरते. समतोल साधताना आधी तिवईचा माथा पातळीत आणावा. मग उभ्या दिशेची पकड सैल करून प्लेट पुढे-मागे सरकवावी आणि लेन्स आडवी स्थिर राहते का ते पाहावे. त्यानंतर उंची अशी लावावी की लेन्स कोणत्याही कोनात सोडली तरी तेथेच थांबेल. हे सर्व काठावर पक्षी समोर असताना करू नये, घरी करून प्लेटवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. भाड्याची लेन्स असल्यास पाय आणि प्लेट दुकानातच तपासून घ्यावी. भाच्याच्या लेन्सला जी प्लेट जोडून दिली होती ती एकाच स्क्रूवर होती आणि लेन्स फिरवली की तीही फिरत होती. पिशवीतली ॲलन की (स्क्रू आवळायची षटकोनी चावी) तेव्हा उपयोगी पडली.

चिखलात तिवईचे पाय दाबून घट्ट बसवावेत आणि मधला खांब वर काढू नये. वारा असेल तर खालच्या हुकाला पिशवी अडकवावी, पण ती जमिनीला टेकलेली असावी; अधांतरी पिशवी झुलते आणि तिवईलाही झुलवते. बसून काम केल्यास पाय आखूड ठेवता येतात, आणि बदकेही माणूस उभा असताना जितकी बुजतात तितकी बसलेल्याला बुजत नाहीत. लेन्स लावलेली तिवई खांद्यावर टाकून चालू नये; चालायचेच असेल तर लेन्सच्या कड्यातून एक पट्टा तिवईला बांधून ठेवावा.

परतल्यावर थैलीतील धान्य त्याच दिवशी काढावे. दवात ओले झालेले धान्य आठवड्याभरात कुबट वास मारू लागते आणि त्यात पोरकिडे होतात. ते पाखरांना घालण्यास हरकत नाही, मात्र अंगणात, जंगलात नव्हे. गिम्बलच्या सांध्यांवरील धूळ कोरड्या ब्रशने झाडावी, तेल घालू नये, कारण तेलावर धूळ अधिकच चिकटते. लेन्सच्या पायाचे स्क्रू खडबडीत रस्त्याने हमखास सैल झालेले असतात. तेही याच वेळी आवळून घ्यावेत.