प्राणवायूचे चार टँकर आणि दिल्लीचं काम

24 एप्रिल 2021. कोरोनाच्या रुग्णांसाठी द्रवरूप प्राणवायूचे टँकर घेऊन विशाखापट्टणमहून निघालेली रेल्वेगाडी, ऑक्सिजन एक्स्प्रेस, आज नाशकात पोहोचली. सातपैकी तीन टँकर नागपुरात उतरले, चार आपल्याकडे आले. बुधवारीच इथल्या एका रुग्णालयात टाकीत प्राणवायू भरताना गळती झाली, पुरवठा थांबला आणि किमान 22 माणसं गेली. ते चार टँकर बघताना आनंद होत नाही.

हिशोब साधा आहे. जम्बो, म्हणजे रुग्णालयातल्या मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण 7000 लिटर वायू असतो. मिनिटाला 10 लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून वेगाने प्राणवायू देताना, 60 लिटर लागले तर दोन तासही नाही. म्हणूनच मोठ्या टाकीच्या जोडीला मॅनिफोल्ड, म्हणजे एकाच नळीला लावलेला भरलेल्या सिलिंडरांचा संच, सतत जोडलेला हवा, दाब घसरताच आपोआप सुरू होणारा.

पण द्रवरूप प्राणवायू येणार कुठून? मोठे पोलाद कारखाने पूर्वेकडे, रुग्ण इकडे. तो उणे 183 अंशांवर ठेवावा लागतो, साध्या टँकरचं ते काम नाही. द्रवरूप नायट्रोजनचे टँकर वापरता येतील, मात्र आधी पूर्ण साफ करून; आत तेलाचा अंश राहिला तर प्राणवायूत पेट घेतो. एका राज्याने दुसऱ्याचा टँकर अडवायचा, हे चालू देऊ नका. कोणत्या कारखान्यातून कुठे किती, हे रोज रुग्णसंख्या पाहून केंद्रानेच ठरवावं. रिकामे टँकर परत नेण्याची जबाबदारीही घ्यावी, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. पंतप्रधानांनी हे आजच हातात घ्यावं.