रात्री दोनचे दुखणे

माझे डोके रात्री दोन वाजता दुखायचे. सुरुवात दोनला पाच कमी ते दोन वाजून दहा, एवढ्यातच. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात कापसाची दुसरी वेचणी आली की हे सुरू व्हायचे, सहा-सात आठवडे जवळपास रोज छळायचे आणि तूर सोंगायच्या सुमारास आपोआप थांबायचे. उजव्या डोळ्याच्या खोबणीत कोणी गिरमिट फिरवावे तशी कळ यायची, त्याच डोळ्यातून पाणी वाहायचे, पापणी खाली यायची आणि त्याच बाजूची नाकपुडी चोंदायची. अंथरुणावर पडून राहणे अशक्य असल्यामुळे मी पाऊण तास तुळशीपासून बैलांच्या कोठ्यापर्यंत येरझाऱ्या घालत असे.

शेजारच्या आजींनी बाहेरची बाधा म्हणून लिंबू उतरवले, तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सायनस ठरवला आणि दुसऱ्यांनी दाढ. दाढ गेली, दुखणे राहिले. आजींच्या लिंबाने निदान काही उपटले तरी नाही.

उलगडा झाला तो वहीमुळे. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर माझ्या पत्नीने दुखणे कधी सुरू झाले, कधी थांबले, कोणता डोळा लाल झाला, हे २३ रात्री लिहून ठेवले. त्या वेळी घड्याळाकडे पाहण्याच्या स्थितीत घरात त्याच होत्या. नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ती पाने वाचून, मला तपासून ‘क्लस्टर हेडेक’ असे निदान केले आणि दुसरे कारण नाही याची खात्री करण्यासाठी एमआरआय करून घेतला. अर्धशिशीचा रुग्ण अंधारात निपचित पडून राहतो, तर या दुखण्याचा रुग्ण एका जागी थांबू शकत नाही, हा फरक त्यांनी सांगितला. साधारण हजारात एकाला होणाऱ्या या आजाराची एकेक उबळ १५ मिनिटे ते ३ तास टिकते, आणि शरीराचे घड्याळ सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाचा तिच्याशी संबंध असल्यामुळे ती अशी वेळ पाळते.

पॅरासिटामॉलचा गुण येईपर्यंत उबळ ओसरलेली असते, म्हणून ती गोळी येथे निरुपयोगी ठरते. मला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वैद्यकीय ऑक्सिजन मिळतो: पिशवीच्या मास्कमधून मिनिटाला १२ ते १५ लिटर, बसून, १५ मिनिटे. कोरोनाच्या काळात गावात आलेला कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे यंत्र, मी आधी मागून आणला होता, पण तो मिनिटाला ५ लिटरच देतो. सुमाट्रिप्टानचे इंजेक्शनही लवकर आराम देते, मात्र हृदयविकार असलेल्यांना ते चालत नाही. दौर, म्हणजे दुखण्याचे ते सहा-सात आठवडे, सुरू होताच उबळी टाळण्यासाठी व्हेरापॅमिलच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांची मात्रा वाढवताना ईसीजी काढावा लागतो. दौरात मोहाच्या दारूचा एक घोटही उबळ आणतो. एरवी काही होत नाही, हे मी दोन लग्नांत अनुभवून पाहिले आहे.

१५०० लिटरचे सिलिंडर सहा ते आठ उबळींना पुरते, म्हणजे जेमतेम आठवडा. भरून आणायला यवतमाळला जावे लागते, त्यामुळे वेचणीआधीच दोन सिलिंडर घरी आणून चुलीपासून दूर, पुढच्या खोलीत ठेवतो. बिडी ओढणाऱ्या पाहुण्यांना त्या खोलीत बसू देत नाही, याचा काहींना राग येतो.