वरच्या कोर्टात काय ऐकले जाते आणि काय नाही

बांधाचा वाद असो वा भाऊबंदकीतील वाटपाचा, गावाकडे चर्चा शेवटी एका ठरावीक वाक्यावर येऊन थांबते : ‘इथे काय व्हायचे ते होऊ दे, आम्ही हायकोर्टात बघून घेऊ.’ तालुक्याच्या न्यायालयात थोडे इकडचे तिकडे झाले तरी बिघडत नाही, वर गेल्यावर सगळे पुन्हा मुळापासून ऐकले जाते, अशी पक्की समजूत या वाक्यामागे असते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सर्वोच्च न्यायालय शिखरावर आणि बाकीची न्यायालये त्याखाली दाखवणारा त्रिकोण असतो. त्यानेही ही समजूत बळावत असावी. माझे म्हणणे नेमके उलट आहे. आपल्या व्यवस्थेत वस्तुस्थिती ठरते ती तळाशी, आणि जसजसे वर जावे तसतसे विचारता येणारे प्रश्न कमी होत जातात.

आधी रचना. अमेरिकेत राज्यांची आणि संघराज्याची न्यायालये वेगवेगळी आहेत. आपल्याकडे शिडी एकच आहे. उत्तराधिकार हा समवर्ती सूचीतील (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा) विषय, तर जमीन राज्यसूचीतील. तरीही वाटपाच्या एकाच दाव्यात तोच न्यायाधीश संसदेचा १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाही लावतो आणि महाराष्ट्र विधानमंडळाची १९६६ ची जमीन महसूल संहिताही वाचतो. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर बसतात, आणि तीच व्यक्ती बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असते, म्हणजे सकाळी मारामारीचा खटला आणि दुपारी विहिरीच्या पाळीचा दावा असे एकाच टेबलावर चालते. त्यावर वरिष्ठ स्तर, मग जिल्हा व सत्र न्यायालय, मग उच्च न्यायालय. देशात २५ उच्च न्यायालये आहेत. मुंबईचे १८६२ मध्ये सुरू झाले, म्हणजे १९५० मध्ये स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयापेक्षा ते ८८ वर्षांनी जुने आहे. नागपूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि गोव्यात त्याची खंडपीठे आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) बसू लागल्याने दक्षिण महाराष्ट्रातील पक्षकारांची मुंबईची रात्रीची गाडी टळली आहे. (गोव्याची गंमत अशी की उच्च न्यायालय आपलेच, पण वारसाहक्काचा मूळ कायदा पोर्तुगीज परंपरेतला.)

या शिडीला लागून महसुलाची दुसरी एक शिडी उभी आहे आणि तिथे बहुतेकांची गफलत होते. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी अशी ती चढत जाते. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नाव लागले, म्हणजे जमीन आपली झाली असे मानले जाते. प्रत्यक्षात सातबारा हा महसुलासाठी ठेवलेला अभिलेख आहे. संहितेच्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद खरी आहे असे गृहीत धरले जाते, पण विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंतच. मालकी कोणाची, हा प्रश्न शेवटी दिवाणी न्यायालयाचा. फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपील, तिथून पुढे आणखी अपील, असे करत वर्षे घालवलेले लोक मी पाहिले आहेत. ते ज्या प्रश्नाचे उत्तर मागत होते, ते उत्तर देण्याचा अधिकार त्या कचेरीला मुळात नव्हताच.

आता तालुक्याच्या न्यायालयात नेमके काय घडते ते पाहू. आमच्या नात्यातील एका वाटपाच्या दाव्यात कागद सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे हे सगळे बाकावर बसून पाहता आले. दाव्यातील प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक पडतो. दावाअर्ज ही निशाणी १. तात्पुरत्या मनाईचा अर्ज महाराष्ट्रातील न्यायालयांत रिवाजाने निशाणी ५ असतो, इतका की वकील मंडळी ‘मनाईचा अर्ज’ न म्हणता ‘पाचचा निकाल लागला का?’ असेच विचारतात. समन्स बजावले गेले की प्रतिवादीने ३० दिवसांत, आणि उशीर झालाच तर ९० दिवसांपर्यंत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यावी, असा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे कोणत्याही न्यायालयाचा रोजनामा चाळला की कळते. दावाअर्ज आणि कैफियत समोर ठेवून न्यायाधीश मुद्दे काढतात. मिळकत वडिलोपार्जित आहे काय? पूर्वी वाटप झाले आहे काय? दावा मुदतीत आहे काय? पुढचा सगळा दावा या चार-पाच ओळींभोवती फिरतो. पक्षकार मात्र त्या दिवशी बहुधा हजरही नसतात, कारण ‘आज काही विशेष नाही’ असे त्यांना सांगितलेले असते.

मग पुरावा. सरतपासणी (साक्षीदाराने आपल्या बाजूने दिलेली पहिली साक्ष) आता प्रतिज्ञापत्रावर दिली जाते, म्हणजे ती वकिलाच्या कार्यालयात टाइप होऊन येते. साक्षीदार स्वतःच्या तोंडाने बोलतो तो उलटतपासात. इथे भाषेकडे लक्ष द्यावे. आमच्या दाव्यात वयाने सर्वांत मोठ्या काकांना विचारले गेले की तुम्ही भाऊ पूर्वीपासून वेगवेगळी शेती करता ना? काकांनी सरळपणे ‘हो’ म्हटले. न्यायाधीशांनी लघुलेखकाला सांगितले आणि पडद्यावर ओळ उमटली : ‘हे म्हणणे खरे आहे की, आम्ही सर्व भाऊ पूर्वीपासून वेगवेगळी जमीन कसतो.’ प्रश्न गेला, उत्तर गेले, उरले ते एक सलग विधान, साक्षीदाराच्या सहीसह. काकांच्या मनात ती सोयीची वहिवाट होती, वाटप नव्हे. आजोबांच्या हयातीत ज्याला जी जमीन जवळ पडली ती त्याने कसली, एवढेच. कायद्यातही हा फरक मानलेला आहे. पण तो त्या ओळीत नव्हता आणि समोरच्या वकिलाने तो विचारायचे काहीच कारण नव्हते. आमच्या वकिलांनी फेरतपासणी (उलटतपासानंतर आपल्या बाजूने पुन्हा प्रश्न) मागून खुलासा नोंदवून घेतला म्हणून निभावले. तो नसता तर पूर्वी वाटप झाल्याची कबुली म्हणून तेच वाक्य प्रत्येक पायरीवर आमच्यापुढे ठेवले गेले असते, आणि काका जिल्हा न्यायालयात जाऊन ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ असे सांगू शकले नसते, कारण अपिलात साक्षीदार येत नाहीत. येते ती खालच्या न्यायालयाची संचिका.

पहिले अपील जिल्हा न्यायालयात होते तेव्हा दार अजून बरेच उघडे असते. जिल्हा न्यायाधीश सर्व पुरावा नव्याने तोलू शकतात आणि खालच्या न्यायाधीशांशी वस्तुस्थितीबद्दलही असहमत होऊ शकतात. नवा पुरावा मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ मधील अगदी अरुंद कारणांखालीच घेता येतो. ‘तेव्हा खरेदीखत पेटीत सापडले नाही’ हे कारण सहसा पुरत नाही. तिथून उच्च न्यायालयात दुसरे अपील करायचे तर १९७६ च्या दुरुस्तीनंतरचे कलम १०० आडवे येते : कायद्याचा सारभूत प्रश्न असेल तरच अपील दाखल करून घेतले जाते. साक्षीदार खरे बोलला की खोटे, हा तसा प्रश्न नव्हे. दोन्ही न्यायालयांनी पूर्वी वाटप झाले होते असे म्हटले असेल, तर त्यात ढळढळीत विपर्यास दाखवता येईपर्यंत उच्च न्यायालय हात घालत नाही. शिवाय तालुक्यात मराठीत झालेला सगळा पुरावा इथे इंग्रजीतून वाचला जातो, आणि काकांच्या ‘कसतो’ या क्रियापदाचे भाषांतर कोण कसे करतो, हीदेखील एक धास्तीच. सर्वोच्च न्यायालयात तर अनुच्छेद १३६ खाली आधी विशेष परवानगी मागावी लागते. ती मिळणे हा हक्क नाही, आणि पुष्कळ अर्ज पहिल्या काही मिनिटांतच फेटाळले जातात.

मग वरची न्यायालये कशासाठी? वरून खाली येतो तो कायद्याचा अर्थ, आणि अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने लावलेला अर्थ देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. मुलींच्या हक्काचा प्रवास पाहावा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सा असणाऱ्या, केले, पण ती दुरुस्ती लागू होण्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा हक्क लग्नाची अट न घालता सर्व मुलींना दिला. प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात २०१५ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत, आणि त्यापूर्वी वडील वारलेल्या मुलींच्या दाव्यांचे पायच कापले गेले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो अर्थ रद्द केला : हक्क जन्माने आहे, वडील केव्हा वारले याच्याशी त्याचा संबंध नाही. एकाच निकालाने देशभरातील प्रलंबित वाटपाच्या दाव्यांतील हिशेब बदलले. पण त्याच निकालात म्हटले आहे की जुने तोंडी वाटप सहजासहजी मानू नये, सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तर अपवाद म्हणून मानावे. आणि एखाद्या घरात तसा आधार आहे की नाही, हे ठरवायचे काम पुन्हा तालुक्याच्याच न्यायालयात येऊन पडते.

फौजदारी बाजूविषयी इथे एवढेच पुरे की १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या सोबतचे दोन कायदे लागू झाले, तरी मूळ चौकट तीच आहे. खटला सरकार चालवते आणि गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, तर दिवाणी दाव्यात कोणती बाजू अधिक संभवनीय एवढेच पाहतात. त्यामुळे बांधावरच्या मारामारीत भाऊ निर्दोष सुटला म्हणून बांध त्याचा ठरत नाही.

दावा जिंकला तरी काम संपत नाही. डिक्री, म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा, हातात आल्यावरच पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असे ब्रिटिश काळातील अखेरचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये म्हणून ठेवले आहे. वाटपाच्या दाव्यात न्यायालय आधी हिस्से ठरवते; शेतजमीन सरकारी आकाराची (शेतसारा लागू असलेली) असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष सरसनिरस (जमिनीचा कस पाहून समतोल) वाटपासाठी हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलदारांकडे जातो, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी होते, विहीर कोणाच्या हिश्शात आणि रस्ता कुठून यावर हरकती येतात, आणि मग ताबापावती होते. इतर हुकूमनाम्यांसाठी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते आणि तिला सामान्यतः १२ वर्षांची मुदत आहे. याच काळात हरलेली बाजू वर गेलेली असते आणि अपील दाखल झाले म्हणजे सगळे थांबले, अशा भरवशावर निर्धास्त असते. नुसत्या अपिलाने अंमलबजावणी थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, तो मंजूर होण्याजोगे कारण दाखवावे लागते, आणि तोपर्यंत मोजणीचे खांब शेतात रोवले गेले तर त्यांना अडवणारा कागद कोणाच्याही हातात नसतो.