जीपीजीला नेमकी कुठली मेमरी कमी पडते?

बॅकअपच्या जीपीजी (फाइली एन्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम) फाइली उलगडायला माझी एक स्क्रिप्ट आहे. वेळ वाचावा म्हणून ती एक्सआर्ग्ज (एकच कमांड अनेक फाइलींवर चालवून देणारं साधन) वापरून एका वेळी 16 फाइली हाती घेते. बहुतेक नीट उघडतात, पण मधूनच एखादी ‘डिक्रिप्शन फेल्ड: कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’ म्हणून अंग काढून घ्यायची. तीच फाइल एकटी चालवली की निमूट उघडायची.

मेमरीचं नाव निघालं की हात आधी मोकळी रॅम दाखवणाऱ्या ‘फ्री’ कमांडकडे जातो. तिथे कित्येक जीबी मोकळे. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, मेमरी संपली म्हणून त्याने कुठली प्रोसेस मारल्याची नोंद नाही. मग रॅम वाढवून काय होणार?

भांडण 32 केबीचं आहे. हो, केबीच! खासगी किल्लीचं काम जीपीजी स्वतः करत नाही. ते जीपीजी-एजंट या मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रॅमकडे जातं, आणि एका युजरच्या सगळ्या प्रोसेसना मिळून एजंट एकच. किल्ली स्वॅपमधून (रॅममधला मजकूर डिस्कवर ठेवायच्या जागेतून) डिस्कवर उतरू नये म्हणून लिबजीक्रिप्ट ही जीपीजीची एन्क्रिप्शन लायब्ररी मेमरीचा एक छोटा तुकडा एमलॉकने (मेमरी रॅममध्येच धरून ठेवणाऱ्या सिस्टिम कॉलने) अडवून ठेवते. तो मुळात 32 केबीचा. आरएसए 4096ची (4096 बिटांच्या किल्लीची) गणितं एकेक करून आली तर त्यात आरामात मावतात. सगळे एकदम घुसले की कुणीतरी दाराबाहेर राहतं. म्हणून तर दर वेळी वेगळीच फाइल रुसायची.

खात्री करणं सोपं: एक्सआर्ग्जचा ‘पी’ (एका वेळी किती, ते सांगणारा पर्याय) 1 वर आणला, एरर गायब. घाई नसेल तर इथेच थांबावं. मला घाई होती. होम फोल्डरमधल्या डॉट-ग्नूपीजीत, जीपीजी-एजंट डॉट कॉन्फमध्ये ‘ऑटो-एक्स्पांड-सेकमेम’ ही एक ओळ टाकली. आता जागा कमी पडली की एजंट आणखी तुकडा मागून घेतो.

किल्लीची लांबी कमी करायचा सल्लाही कुणीकुणी देतं. तो मला अजिबात पटत नाही. आणि एमलॉकवर फार विसंबूही नका: लॅपटॉप हायबरनेट केला की अडवलेली मेमरीसुद्धा डिस्कवर उतरते, तेव्हा स्वॅप एन्क्रिप्ट केलेलीच बरी.

कॉन्फ बदलल्यावर ‘जीपीजीकॉन्फ’ला ‘किल’ देऊन एजंट बंद करावा लागतो. पुढच्या गरजेला तो आपोआप उठतो. मात्र त्याने लक्षात ठेवलेले पासफ्रेज (किल्लीचे पासवर्ड) तेव्हा जातात. त्यामुळे रात्रीच्या क्रॉनवर (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या साधनावर) स्क्रिप्ट सोडणार असाल तर आधी एक फाइल हाताने उघडून पासफ्रेज देऊन ठेवा आणि तो किती वेळ टिकतो तेही कॉन्फमध्ये बघा.