आमची वाटचाल: ॲसिडच्या बॅटरीपासून जुन्या ईव्हीपर्यंत

आमचं दुकान मुळात इन्व्हर्टर बॅटरीचं, नाशिकला सातपूरमध्ये, वडिलांनी, म्हणजे अण्णांनी टाकलेलं. लोडशेडिंगच्या काळात धंदा जोरात होता, मी शाळेतून आलो की हायड्रोमीटर घेऊन सेलमधलं ॲसिड बघायचं काम माझ्याकडे, शर्टाला भोकं पडायची आणि आई ओरडायची ते वेगळंच. अण्णांचं म्हणणं एकच, नुसतं व्होल्टेज बघून बॅटरी चांगली म्हणायची नाही, लोड टेस्टर लावायचा, म्हणजे बॅटरीवर जोराचा लोड टाकून बघणारं यंत्र, उभ्या उभ्या साडेबारा व्होल्ट दाखवणारी पण लोडवर धाडकन बसते.

2022 ला जुन्या इलेक्ट्रिक गाड्या घेऊन विकायला लागलो आणि पहिल्याच वर्षी नेमकं हेच विसरलो. एक गाडी घेतली, फुल चार्जला डिस्प्लेवर 215 किमी, आम्ही खूश. आता तो आकडा म्हणजे गाडी मागे कशी चालवली त्यावरून काढलेला अंदाज, आणि आधीचे मालक कॉलेज रोडवर तीसच्या स्पीडने फिरवत होते. आमचं गिऱ्हाईक कल्याणला गेलं, जाताना कसारा घाट उतार, काहीच कळलं नाही, येताना चढावर चार्ज 24 वरून डायरेक्ट 7 टक्के. रात्री साडेदहाला फोन, "दादा, लेकरं आहेत हो गाडीत." टो करून आणली, पैसे परत दिले.

आता गाडी रात्रभर ठेवूनच घेतो. 10 टक्क्यांपर्यंत उतरवायची, मग 100 पर्यंत स्लो चार्ज, मध्ये आमचा मीटर. 2020 च्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी नवी असताना 30.2 युनिटची, म्हणजे आत 27 च्या आसपास जायला हवेत, दहाएक टक्के चार्जरमध्येच उष्णतेत जातात ते धरून मीटरवर 30. घाटातल्या गाडीला हिशोबापेक्षा सहा-सात युनिट कमी गेले होते, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा डोंगल लावला तर बॅटरीची हेल्थ 94 टक्के!

सेलचं व्होल्टेज पण उभ्या गाडीत बघत नाही, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल 70 टक्क्यांना आणि 40 ला जवळपास सारखंच दाखवतो. वीसच्या खाली चार्ज आणायचा, चढावर ॲक्सिलरेटर दाबायचा, मग एखादा कमजोर सेल बाकीच्यांना सोडून खाली पडतो तो स्क्रीनवर दिसतो. काही एजंट रात्रभर गाडी ठेवायला नाही म्हणतात, त्यांची गाडी आम्ही घेतच नाही.

ती घाटातली गाडी अजून दुकानातच आहे. गावातल्या गावात डिलिव्हरीला बरी पडते, अण्णा तिला लोड टेस्टर म्हणतात.