दोन थांब्यांच्या मधे

मॉन्ट्रियलला रात्रीच्या बसमध्ये एकटी असलीस तर ड्रायव्हरला सांगायचं, मला माझ्या गल्लीच्या तोंडाशी सोडा. जागा बरी वाटली की तो दोन थांब्यांच्या मधे गाडी उभी करतो. १९९६ पासूनची सोय. आधी फक्त एकट्या बाईला होती, आता सगळ्यांना आहे. परवा पहिल्यांदाच विचारलं. त्याने मान हलवली, दार उघडलं. एवढ्या उशिरा कुठून, घरी कोण असतं, चकार शब्द नाही.

आपल्याकडेही हात दाखवला की एसटी थांबते, ठाऊक आहे. दापोलीहून येणारी वस्तीची गाडी मला आमच्या पाखाडीशीच उतरवायची. मी वर पोचेपर्यंत ड्रायव्हरकाका उजेड धरून थांबायचे. ती माया इथे मुळीच नाही. पण तेच काका सकाळी चहाच्या टपरीवर बाबांना सांगायचे, "मुलगी काल शेवटच्या गाडीला होती हो." मग आठवडाभर आईचा धोशा, दिवेलागणीच्या आत घरात ये.

राग येतो तो याचाच. वाडीत काही वाईट कानावर आलं की बंदोबस्त मुलींचा. क्लास बंद, मोबाईल काढून घे, स्थळं बघायला लागा. ज्यांची भीती ती पोरं साकवावर बसलेलीच असतात, त्यांना घरी कधी येणार हे कुणी विचारत नाही. आणि आमच्या बायका भित्र्या होत्या कधी? पुरुष मुंबईला असताना आज्यांनी शेती, गुरं, कोर्टकचेऱ्या एकटीने ओढल्या. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात कोळणींचाच आवाज वर असतो. कामासाठी बाईला अंधार चालतो, मैत्रिणीकडे जायला चालत नाही.

इथे ऑफिसात कुणी भारताचं नाव काढून हळहळलं की मी मात्र ऐकून घेत नाही. याच शहरात ६ डिसेंबर १९८९ ला एकोल पॉलिटेक्निक या इंजिनिअरिंग कॉलेजात एकाने १४ जणींना केवळ बायका म्हणून ठार मारलं. हे मी त्यांना सांगते. पण लग्नाच्या बायकोवरची बळजबरी कॅनडात १९८३ पासून गुन्हा आहे, यावर माझ्याकडे उत्तर नसतं. आपल्याकडे निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने २०१३ मध्ये ही सूट काढा असं बजावूनही, १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, म्हणजे नव्या फौजदारी कायद्यात, नवऱ्याची सूट कायम आहे. बायको १८ वर्षांची झाली की बस.

चुलतबहीण आता दापोलीला कॉलेजात आहे. तिला शेवटच्या गाडीने येऊ द्या आणि जाब साकवावरच्या पोरांना विचारा, असं काकांना फोनवर म्हटलं. "तिकडे बसून बोलायला काय जातंय?" म्हणाले. गावात राहून मी हे बोलले असते तर माझीही शेवटची गाडी बंद झाली असती. रविवारी पुन्हा फोन करणार आहे.